तपकिरी कोटाच्या मागे

सोमवार, ११ मार्च

सकाळी आम्ही दोघं गाडीतून उतरलो. लॉज स्टेशनजवळच आहे असं थोरलीने सांगितलं होतं. जवळ म्हणजे तिच्या पायांना जवळ. बॅग एक, पिशवी एक, तेव्हा चालतच आलो.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीतलं कपाट. कपाटाचं दार लागत नव्हतं, कागदाची घडी घालून लावलं. लॉजची चादर स्वच्छ होती, तरी वरून आपली घातली. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते, नळ आणि वाळत घातलेली फडकी. मॅनेजरने बजावलं की खोलीत काही पेटवायचं नाही, दिवासुद्धा नाही. देवाची तसबीर खुर्चीवर ठेवली आणि दिव्यावाचून हात जोडले. देवाला चालत असेल. मलाही चाललं, हेच नवल. पूर्वी दिवा मध्येच विझला तरी दिवसभर रुखरुख लागायची.

हिशेबाची वही आणली आहे. मागून हिशेब, पुढून हे. कशासाठी आलो ते आधी लिहून ठेवते, नाहीतर पानं नुसतीच भरतील.

धाकट्याची खोली रिकामी करायची आहे. तो हिवाळ्यात गेला, कचेरीत, बसल्या जागी. त्याच्या बरोबरच्या लोकांनीच त्याला घरी आणलं, त्यामुळे आम्हाला इथे यावं लागलं नाही. तेव्हापासून खोली बंद आहे. घरमालकीण भलीच म्हणायची, इतके दिवस थांबली. आता रविवारी तिचा नवा भाडेकरू येतो. शनिवारपर्यंत आम्ही सामान काढलं नाही तर ती आपल्याजवळच्या किल्लीने उघडणार, माणसं लावून सगळं पोत्यांत भरणार आणि भंगारवाल्याला देणार. रागाने नाही म्हणाली. सरळ सांगितलं. तिचंही बरोबर आहे.

धाकट्याची किल्ली त्याच्या खिशातल्या वस्तूंबरोबर घरी आली होती. ती माझ्या बटव्यात आहे.

हातपाय धुतल्यावर मी विचारलं, जाऊ या का. हे म्हणाले, आज प्रवास झालाय, उद्या बघू. मी बरं म्हटलं.

मंगळवार, १२ मार्च

पहाटे जाग आली. माझा जप होईपर्यंत हे फिरून आले. घरी असतानाही ही सवय आहेच. पाणीपुरवठ्यात पंप चालवण्यात जन्म गेला. निवृत्त झाले तरी रोज सकाळी पंपघराच्या कुंपणापर्यंत जाऊन येतात. नवा माणूस पंप नीट चालवतोय की नाही, ते बाहेर उभं राहून ऐकतात. इथे कुठला पंप आहे कोण जाणे.

जपाचं सांगायचं तर माळ फिरते. बोटांना सवय आहे, ती मण्यावर मणी ओढतात. मागणं काही नसतं. देवाशी भांडण झालं म्हणावं तर तेही नाही.

चहा झाल्यावर निघालो. मला वाटलं खोलीवरच चाललो आहोत. पण कोपऱ्यावर हे डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळले. मी म्हटलं, त्याचं घर नदीपलीकडे ना, दुसऱ्या पुलावरून? हे म्हणाले, "आधी शहर तरी बघू. तो इतकं म्हणायचा."

म्हणायचा खरं. प्रत्येक फोनवर म्हणायचा. आई, एक दिवस या, काही काम काढून येऊ नका, नुसतं पायी फिरू, भूक लागली की बसू. मी म्हणायची, नुसतं फिरायला काय आपण बकऱ्या आहोत? तो हसायचा.

तर आज फिरलो. मोठ्या घड्याळाचा मनोरा, त्याच्यामागची बाग, कचेऱ्यांचा रस्ता, कापडबाजार. थोरलीने फोनवर विचारलं, काय काय पाहिलं. मी काय सांगणार? हे पुढे चालतात आणि मी मागे. लग्न झाल्यापासून असंच. यांचा तपकिरी कोट, काखेत घडी घातलेला पेपर आणि डावी टाच जरा घासत टाकायची लकब. मी तेवढ्यावर नजर ठेवते, म्हणजे गर्दीत चुकायला होत नाही. मनोरा म्हणजे कोटाची मागची शिवण, बाग म्हणजेही तीच, बाजारात तर शिवणीशिवाय काही दिसलंच नाही.

आणि हे वळून म्हणून पाहायचे नाहीत. पंपघरातही असेच पंपाकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे. डबा घेऊन गेले की मी म्हणायची, अहो, यंत्राकडे बघा तरी. तर म्हणायचे, ते बघायचं नसतं.

बुधवार, १३ मार्च

संग्रहालय बंद होतं. त्याच्या पायऱ्यांवर बसलो आणि परत आलो. खोलीचा विषय हेही काढत नाहीत, मीही काढत नाही.

कचरा काढणारी मुलगी इथे दुपारी येते. तोवर घाणीत बसायचं का, म्हणून मी सकाळीच केरसुणी मागून घेते. काल आणि आज, दोन्ही दिवस दारापासून पलंगापर्यंत लाकडाचा पिवळा भुसा पडला होता. यांच्या बुटांचा. मी म्हटलं, बूट बाहेर झाडून येत जा. कुठून आणता हा? हे म्हणाले, शहर आहे, कुठे ना कुठे काहीतरी बांधकाम चालूच असतं. तेही खरंच.

संध्याकाळी माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. थोरलीने निघताना बळेबळे नवे बूट पिशवीत घातले होते, मऊ तळाचे, शहरात चालायला चांगले म्हणून. तिला म्हटलं होतं, या वयात मला कुठे शर्यत लावायचीय. उद्या तेच घालावे लागतील. चपला बरोबर घेते, वाटेत चांभार दिसला तर शिवून घेता येतील.

थोरलीचा फोन आला. तिने यांच्याशी बोलायचं टाळलं आणि मला म्हणाली, "आई, बाबा टाळतायत. तू तरी उठून जा ना. तासाभराचं काम आहे."

तासाभराचं असेलही.

शुक्रवार, १५ मार्च

कालचं आज लिहिते. काल वही हातात घ्यायला जमलं नाही.

काल सकाळी परत भुसा होताच. तोही काढून टाकला. चहा घेऊन निघालो. यांनी ठरवलं होतं की नदीच्या अलीकडचा जुना भाग पाहायचा. मी नवे बूट घातले. पाय कापसात ठेवल्यासारखे वाटत होते, जमीन लागतच नव्हती.

एका मोठ्या चौकात सिग्नलला लोक साचले. हिरवा झाला, सगळे एकदम निघाले, पलीकडून येणारे आमच्यात मिसळले. मी कोट धरला, म्हणजे नजरेने, आणि चालू लागले.

हे काल जरा सावकाश चालत होते. मनात म्हटलं, नवे बूट आहेत म्हणून थोरलीने बजावलं असेल. एका बेकरीशी थांबले, पाव घेतला. पुढे भाजीच्या गाडीशी थांबले आणि टोमॅटो एकेक दाबून पाहून निवडले. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. या माणसाने जन्मात भाजी दाबून पाहिलेली नाही. वांगी आणा म्हटलं तर पहिल्या हाताला येतील ती आणतात. पण मी आपली नेहमीच्या अंतरावर उभी. दुःखाने माणसं बदलतात असं म्हणतात, टोमॅटोपासून सुरुवात झाली असेल, असं वाटून गेलं.

मग एक चौक, मग चढाचा रस्ता, मग गल्ली. एका इमारतीच्या दाराशी कोट थांबला, खिशातून किल्ल्या काढल्या. मी म्हणणार होते की किल्ली माझ्याकडे आहे. तेवढ्यात तो माणूस वळला. मिशा होत्या.

तो म्हणाला, "मावशी, कोणाकडे जायचंय?"

मी म्हटलं, "तुमच्याच मागे आले."

त्याला वाटलं मी काही मागायला आले आहे. मग मी खरं काय ते सांगितलं. तो आधी हसला, मग माझ्याकडे पाहून हसायचा थांबला. म्हणाला, आमच्याकडे उलटं आहे मावशी, आमची ही पुढे चालते, मी पिशव्या घेऊन मागे. पाव मागितला असतात तर दिला असता, तुम्ही तर नवरा मागताय. चांगला माणूस. त्याने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, नंबर सांगा.

आता इथे आली अडचण. एका घरात दोन फोन कशाला, म्हणून आमचा फोन एकच, आणि तो यांच्या खिशात. त्याचा नंबर मला पाठ नाही. स्वतःलाच कोण फोन लावतं? थोरलीचा नंबर फोनला ठाऊक, मला नाही. लॉजचं नाव मी वाचलंच नव्हतं. खाली औषधाचं दुकान आहे एवढं सांगितलं. तो म्हणाला, अशी शंभर आहेत.

"मग या शहरात तुम्हाला कुठलाच पत्ता येत नाही?"

एक येतो, म्हटलं.

सहा वर्षं लिहिला आहे. धाकट्याला पार्सल जायचं ते जुन्या चादरीच्या कापडात शिवून, आणि वर पत्ता माझ्या हातचा, कारण यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. आकडे, गल्ली, सुताराच्या दुकानावर दुसरा मजला, सगळं झोपेतसुद्धा सांगेन. मी म्हणून दाखवला. तो म्हणाला, मग सोपं आहे, नदीकाठाने सरळ जा, दुसरा पूल ओलांडा, पाण्याची टाकी दिसली की कोणालाही विचारा. सोडायला येतो म्हणाला. मी नको म्हटलं, त्याचा पाव गार होत होता.

मग मी एकटी निघाले.

घाबरायला हवं होतं. थोरली फोनवर तेच म्हणत होती, आई तुला भीती नाही वाटली? नाही वाटली. तिला ते आवडलं नाही. पण भीती वाटायला आत काहीतरी लागतं, ते जागेवर नव्हतं.

पुढे पाठ नसली की रस्ता भलताच रुंद दिसतो. पाहायचं कुठे ते ठरवावं लागतं. दोन माणसं दाराएवढी मोठी काच धरून रस्ता ओलांडत होती, सगळी वाहनं थांबली होती, आणि काचेत सगळा रस्ता तिरका होऊन चालला होता. एका गॅलरीत एक बाई गादी बडवत होती, माझ्यासारखीच, डोकं बाजूला करून. नदीचं पाणी काळपट आणि संथ. काठावर बाकं होती. एकावर बसले. पिशवीतला डबा उघडून दोन घास खाल्ले, झाकण लावलं. यांच्याबरोबर असताना हे उठले की मी उठते. तिथे कोणी उठेना, त्यामुळे मी किती वेळ बसले ते सांगता येत नाही. मग तोच पत्ता मनातल्या मनात म्हणत होते. आकडे, गल्ली, सुताराच्या दुकानावर दुसरा मजला. परत आकडे. माळ हातात नव्हती, तरी बोटं चालत होती.

वाटेत एक देऊळ लागलं. दार उघडं होतं. मी पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि पुढे गेले. आत गेले नाही. देवळाच्या दारातून परत फिरल्याचं मला आठवत नाही. ही पहिलीच वेळ.

धाकटा म्हणायचा तसाच दिवस झाला की हा. काही काम नाही, नुसतं पायी, भूक लागली की बसायचं. हे लक्षात आलं तेव्हा मी पुलावर होते. कठड्याला हात लावून जरा थांबले. मग मागून लोक येत होते, म्हणून चालू लागले.

टाकीपाशी विचारलं. एका मुलीने बोट दाखवलं. गल्लीत शिरले आणि रंध्याचं यंत्र ऐकू आलं. धाकटा कुरकुरायचा, सकाळी सकाळी झोप मोडतो हा बाबा. दुकानाच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत भुसा पसरला होता. पिवळा. मी त्याच्यात उभी राहिले. बुटाने जरा बाजूला सारून पाहिला. तीन दिवस हाच भुसा मी लॉजच्या फरशीवरून काढत होते.

सुतार ठेंगणा, कानामागे पेन्सिल लावलेला, पन्नाशीचा. त्याने ओरडून विचारलं, कोण पाहिजे? मी सांगितलं, वर राहायचा त्याची आई. त्याने यंत्र बंद केलं. हात पँटला पुसले.

"म्हणजे ते बाबा तुमचेच."

मी म्हटलं, कुठले बाबा.

म्हणाला, तपकिरी कोटवाले. मंगळवारपासून रोज सकाळी येतात, दुकान उघडतो त्याच्याही आधी. समोरच्या भिंतीशी उभे राहून वर खिडकीकडे बघत असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, वसुलीवाला. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, बाबा, वर जा की. तर म्हणाले, किल्ली बायकोकडे आहे, ती जपाला बसलीय. मग मी एक लांब फळी कापत होतो, आले आणि दुसरं टोक धरलं. सांगावं लागलं नाही. तेव्हा ओळखलं. वरचे साहेब पण असेच, आधी भांडायला आले होते आवाजावरून, नंतर कचेरीला जायच्या आधी फळी धरून जायचे. धरणं तेच. फळी हलत नाही.

त्याने स्टूल दिलं. पाणी दिलं. माझ्या पिशवीतून चपलेचं टोक बाहेर आलं होतं ते पाहून चप्पल मागून घेतली, बारीक खिळा मारला, खालून वाकवला. वर जाता का म्हणून विचारलं. मी म्हटलं, ते आल्यावर. येणार कशावरून, असं त्याने विचारलं नाही, बरं केलं.

मी समोरच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. जिथे भुसा तुडवला गेला होता तिथेच. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला आतून पडदा होता. आमची निळ्या पट्ट्यांची चादर. मी पार्सलांना फाडलेली, तिचे तुकडे जोडून पडदा केला होता. एका तुकड्यावर शाईचा पुसट पत्ता उन्हात आरपार दिसत होता, उलटा. टाके मोठे होते, पण सरळ. शिवायला मीच शिकवलं होतं, बटणापुरतं.

हे उतरत्या उन्हात आले. कोट हातावर, पेपर कुठेतरी गेला होता. आधी लॉजवर जाऊन आले होते, मग पोलीस चौकीत. मला पाहिलं आणि चालण्याचा वेग होता तेवढाच ठेवला. रागावले नाहीत. सुताराने आमच्याकडे पाठ करून यंत्र सुरू केलं.

हे म्हणाले, "तुझा आवाज येत नव्हता."

मी म्हटलं, मी काही बोललेच नव्हते.

"चपलेचा. चपलेचा येतो ना नेहमी. मला वाटलं, बूट घातलेत म्हणून नसेल येत. तसाच चालत राहिलो."

मग भिंतीकडे पाहून म्हणाले, "बोलतही होतो. म्हटलं, आज सांगून टाकावं. बरंच बोललो. तू काही म्हणाली नाहीस, तेव्हा पुलाशी वळून बघितलं."

मी विचारलं, काय बोललात?

"झालं सांगून."

मी ऐकलं नाही म्हटलं. मी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, आणि एक बूट दुसऱ्यावर घासला, थोडा भुसा पडला.

जिना अरुंद आहे, एकच माणूस मावतो. किल्ली माझ्याकडे, म्हणून मी पुढे गेले.

कुलूप लगेच उघडलं. आत बंद खोलीचा वास होता. गादी नीट घातलेली. मोरीत एक कप, त्याच्या तळाशी काळं वाळलेलं. टेबलावर दाढीचं सामान, टॉवेल दोरीवर. कचेरीतून संध्याकाळी येणाराच होता तशी खोली. मी सगळ्यात आधी कप घासला. हे म्हणाले, नळाला पाणी कमी आहे, वायसर गेलं असेल. नळाशी कान नेऊन उभे राहिले, बराच वेळ. मी तोवर कप पुसला आणि पालथा घातला.

रडू आलं नाही. दोघांनाही नाही. एवढे दिवस कशाला घाबरत होतो असंच वाटलं. दोन गाठोडी बांधून ठेवली, उरलेलं आज केलं.

आज काय केलं ते: गादी आणि टेबल सुताराला दिलं. तो घेत नव्हता, मी म्हटलं, दुकानात कोणी बसेल. कपडे थोरली म्हणाली तसे तिच्या ओळखीच्या संस्थेला द्यायचे, बांधले. पुस्तकं तिच्या मुलाला. भांडी थोडीच आहेत, घरी नेते, दोन माणसांना काय लागतं म्हणून नेऊ नको म्हणाली, पण टाकवत नाहीत. पडदा यांनी काढला. मी खुर्चीवर चढणार होते, तर म्हणाले, राहू दे, मी काढतो. घडी त्यांनीच घातली, चुकीची, उलट्या बाजूने, आणि कोटाच्या आतल्या खिशात घातली. घडी मोठी, खिसा लहान.

शनिवार, १६ मार्च

गाडी यायची आहे. फलाटावर बसून लिहिते. हे पाण्याची बाटली भरायला गेले आहेत.

सकाळी जप केला. माळ अर्धी झाली आणि लक्षात आलं की हे खोलीतच आहेत, खुर्चीपलीकडे पलंगाच्या कडेला बसलेले. फिरायला गेले नाहीत. जायला आता कुठे होतं? मी माळ पुरी केली. केर काढला, काही निघालं नाही.

घरमालकिणीला किल्ली दिली. दाराबाहेरच उभी होती, आत पाहिलं, लख्ख आहे म्हणाली. मी फरशी पुसली होती. भाडेकरूही मुलगाच आहे म्हणाली, नोकरीला लागलाय नुकताच, नदीपलीकडे कचेरी. मी तिला सांगितलं, नळाचं वायसर बदलून घ्या.

सुताराने फळ्यांना बांधतात त्या दोरीने गाठोडी नीट बांधून दिली. दोन मोठी गाठोडी यांनी दोन हातांत घेतली. माझ्याकडे भांड्यांची पिशवी. दुरुस्त केलेल्या चपला पायात होत्या, मऊ बूट पिशवीत. गल्ली अरुंद, समोरून एक हातगाडी येत होती. हे थांबले आणि गाठोड्याने मला पुढे व्हायची खूण केली. म्हणाले, "तू हो पुढे. रस्ता तुला माहितेय."

तर मी पुढे झाले. मला पुढे चालायचा सराव नाही. हात कुठे ठेवायचे, पाहायचं कुठे, काही कळेना. पण चपलेचा खिळा घट्ट होता, आणि मागून त्यांची डावी टाच घासत होती, ती नीट ऐकू येत होती. गल्ली, टाकी, मग पूल. मागून वाहनं, लोक, एक पोर रडत होतं, तरी त्यातून तेवढी टाच वेगळी कळत होती.

पुलाच्या मध्यावर टाच थांबली. गाठोडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज आला. यांना रडताना मी कधी ऐकलेलं नाही, धाकटा गेला तेव्हाही नाही, तरी ओळखू आलं.

मी वळून पाहिलं नाही. कठड्याशी उभी राहून खालचं पाणी बघत राहिले. लोक आमच्या मधून जात होते. बऱ्याच वेळाने गाठोडी उचलल्याचं कळलं, तेव्हा मी निघाले. सावकाश चालले, आणि चपला जरा जास्तच वाजवल्या.